जुना पार्ट मिळाला

बिल तीन पानांचं होतं आणि पक्कडताईने ते उभ्यानेच वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर तिला स्टूल ओढून बसावंच लागलं.

पक्कड हे काही तिचं खरं नाव नव्हे. बिघडलेली वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्त करण्याचं दुकान ती चौदा वर्षं चालवत होती. एकदा बिघाडाच्या मागे लागली की तो सापडेपर्यंत सोडायची नाही, म्हणून गल्लीने तिला हे नाव चिकटवलं. तोंडावर पक्कडताई, माघारी नुसतीच पक्कड. तिला दोन्ही चालायचं.

तिच्या नवऱ्याला गल्ली शेठ म्हणायची. तो गल्ल्यावर बसायचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा, फोन घ्यायचा, पैसे मोजायचा. कुणी मशीन घेऊन आलं की रुबाबात म्हणायचा, "ठेवा, आतून करून घेतो." आतून म्हणजे बायकोकडून. हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं, फक्त शेठ ते हळूहळू विसरत गेला. का सोडतेस त्याला, असं कुणी विचारलं की पक्कडताई एवढंच सांगायची, "माझं काम त्याने आपलं म्हणून खपवलं, ते एक वेळ मी चालवून घेतलं असतं. पण नंतर त्याला ते खरंच वाटायला लागलं."

घटस्फोटाला शेठची ना नव्हती. त्याला दुकान हवं होतं. अर्ज दाखल होऊन आणि शेठ वेगळा राहायला जाऊन चार महिने झाले होते, आणि त्याच्या वकिलाचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं: दुरुस्तीचा धंदा शेठचा, बायको फक्त मदतीला बसायची. दुकानाचा भाडेकरार आणि नाव तिने शेठच्या नावे करून द्यावं, की प्रकरण तिथेच मिटलं. तसा कागदही टाइप करून पाठवला होता, तिच्या सहीची जागा पेन्सिलीने फुली मारून. मुदत महिनाअखेरपर्यंत.

आणि आता हे बिल. तिने चष्मा पुसून पुन्हा सुरुवात केली.

'विरुद्ध पक्षाचे पत्र वाचले (पडदे): ०.३. उत्तर: ०.५.' 'विरुद्ध पक्षाचे पत्र वाचले (इस्त्री): ०.२. उत्तर: ०.४.' 'अशिलाशी फोन: ०.४.' 'कागदपत्रांची छाननी, ज्युनियर: ११.०.' अशी ओळीमागून ओळ. वकीलबाईंचा तासाचा दर तिच्या नऊ फेऱ्यांएवढा होता. फेरी म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मशीन बघण्याची मजुरी. आकडेमोड करायला तिला कागद लागला नाही. सुरुवातीला भरलेली आगाऊ रक्कम केव्हाच फस्त झाली होती, आणि वर जी बाकी निघाली होती ती तिच्या तीन महिन्यांच्या कमाईएवढी होती. तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की बाकी आणि पुढची आगाऊ रक्कम दहा दिवसांत भरावी, अन्यथा काम थांबवावं लागेल.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने दादाला फोन केला. थोरला भाऊ, मायेचा माणूस. पण भांडण म्हटलं की तो चार पावलं मागे सरायचा.

"सोड ना ते दुकान," दादा म्हणाला. "सही कर आणि मोकळी हो. मशीन काय, कुठेही बसून दुरुस्त करशील. हात तर तुझेच आहेत ना?"

"हात माझे, आणि पाटी त्याची?"

"अगं, वकिलाचा खर्च दुकानापेक्षा जास्त व्हायला लागलाय. हे असलं भांडण आपल्याला परवडणारं आहे का?"

फोन ठेवून तिने ड्रॉवरमधून शेठचा कागद काढला. पेनही काढलं. खोटं कशाला सांगा, टोपणही काढलं. तेवढ्यात काल टाकलेलं मशीन न्यायला एक नर्सबाई आली, आणि पक्कडताईने सवयीने पेन बाजूला ठेवून एक पिशवी तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"तुमचा जुना पंप. नवीन बसवलाय, हा काढलाय. इथे सही करा, जुना पार्ट मिळाला म्हणून."

"मी काय करू याचं?"

"काही करू नका. टाकून द्या. पण पैसे दिलेत ना? मग काय काढलं ते डोळ्यांनी बघायचं."

हा दुकानाचा नियम होता आणि पहिल्या दिवसापासूनचा होता. काही मेकॅनिक पार्ट न बदलताच बदलल्याचे पैसे घेतात, हे ती जाणून होती. म्हणून रजिस्टरात प्रत्येक कामाची एक ओळ: तारीख, मशीन, बिघाड, काय बदललं, शेवटच्या दोन रकान्यांत दुरुस्ती करणाऱ्याची सही आणि गिऱ्हाइकाची सही. शेठ नेहमी नाक मुरडायचा. "कचरा कसला वाटत बसतेस?" म्हणायचा. रजिस्टराला त्याने कधी हात लावला नाही.

नर्सबाई सही करून गेली. पक्कडताई हातातल्या बिलाकडे बघत राहिली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. राग शेठचा होता, वकीलबाईंचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा होता. पंपाचे पैसे घेताना आपण पंप दाखवतो. इथे तीन महिन्यांची कमाई मागतायत, आणि आपण मुकाट सही करून दुकान द्यायला निघालो? तिने पेनाला टोपण लावलं, बिल आणि शेठचा कागद पिशवीत टाकला, कुलूप घातलं आणि निघाली.

वकीलबाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंतभर फायली, टेबलावर टोकदार पेन्सिली, आणि कोपऱ्यात पक्कडताईनेच आणून टाकलेली चार खोकी. वकीलबाई पन्नाशीच्या, बारीक, आणि बोलायला तोलूनमापून. का ते आता पक्कडताईला कळलं होतं.

"आधी एक सांगा," ती खुर्चीत न बसताच म्हणाली. "मीटर चालू आहे का?"

"बिलाबद्दल बोलायला आलात ना? त्याचे पैसे मी घेत नाही."

"तसं लिहून द्या."

वकीलबाईंनी भुवया उंचावल्या, पण बिलाच्या कोपऱ्यात तसं लिहून सही केली. मग पक्कडताई बसली.

"हे शून्य पूर्णांक तीन म्हणजे काय?"

"तासाचा दहावा भाग म्हणजे सहा मिनिटं. आम्ही सहा-सहा मिनिटांत वेळ मोजतो. तीन म्हणजे अठरा मिनिटं."

"आणि मी एकच मिनिट बोलले तर?"

"सहा."

"म्हणजे तुम्ही नुसतं हॅलो म्हणालात तरी सहा?"

"करारात दुसऱ्या पानावर आहे. खाली सही तुमचीच आहे."

मशीनसोबतचं पुस्तक वाचत नाहीत म्हणून पक्कडताई गिऱ्हाइकांना रोज फैलावर घ्यायची, आणि स्वतः मात्र हा करार तिने दुकानाच्या पायरीवर, हाताला ग्रीस असताना, न वाचता सही करून दिला होता. कोपऱ्यात ग्रीसचा अंगठाही उमटला होता.

"बरं. दुकानात मी पार्ट बदलला की जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देते," ती म्हणाली. "तुम्हीही द्या. प्रत्येक ओळीला काय केलंत ते मला दाखवायचं. दिसलं तर पैसे देईन."

"विचारा," वकीलबाई म्हणाल्या, आणि फाइल उघडून बसल्या.

"हे काय? 'अशिलाच्या मावशींशी फोन.' चार वेळा? माझी मावशी तुम्हाला फोन करते?"

"करतात ना. पहिल्यांदा तुम्ही वेळेवर जेवत नाही हे सांगायला. दुसऱ्यांदा शेठ त्यांना पहिल्या दिवसापासूनच आवडला नव्हता, हे नोंदवून घ्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा ते नोंदवलं का, हे विचारायला."

"आणि ही छत्तीस मिनिटं?"

"त्यात त्यांचा गुडघा होता." वकीलबाईंचा चेहरा सरळच. "मी त्यांना दोनदा म्हटलं, मावशी, हे बिलात येतंय. त्या म्हणाल्या, येऊ दे, माझी भाची कमावती आहे."

पक्कडताईने कपाळाला हात लावला. वकीलबाईंनी पेन्सिल उचलली. "गुडघ्याचे खोडते. बाकी तिन्ही राहतील. तुमच्या घरच्यांना आवरणं हे माझं काम नाही."

"राहू द्या. मावशीशी मी बघते." मग तिने बोट आणखी खाली नेलं. "ही चोवीस मिनिटं. हा फोन माझा होता. यात मी एक शब्द बोलले नाही. रडले फक्त."

"आठवतंय मला."

"मग रडण्याचा जुना पार्ट काय देणार तुम्ही मला?"

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "काही नाही. देण्यासारखं काहीच नाही. मी फोन ठेवू शकले असते, पण नाही ठेवला. तो माझा वेळ होता आणि तो तुमच्यासाठी गेला. हे मी खोडणार नाही, ताई."

पक्कडताई चिडली, आणि चिडता चिडता तिला ते पटलंही. लोक तिला घाईघाईने बोलावून न्यायचे, आणि जाऊन बघावं तर मशीनचा प्लगच लावलेला नसायचा. फेरीचे पैसे तिनेही कधी सोडले नव्हते.

"ठीक आहे. पुढच्या वेळी मावशीपाशी रडेन. तिची फेरी फुकट असते," ती म्हणाली. "आता ही पत्रं. पडदे, इस्त्री, दिव्याची शेड, पायपुसणं... पायपुसणं? तेरा पत्रं! वाचायचे पैसे, उत्तराचे पैसे. हे मुद्दाम चाललंय."

"मुद्दामच. त्याने त्याच्या वकिलाला सगळ्या प्रकरणाचे मिळून एकदाच ठोक पैसे दिलेत. पत्र एक लिहिलं काय, शंभर लिहिली काय, त्याला फरक पडत नाही. तुमच्या बाजूने मात्र प्रत्येक पत्राला घड्याळ सुरू होतं. तुमचे पैसे संपले की तुम्ही त्या कागदावर सही कराल, असा हिशेब आहे."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"पहिल्या पत्रालाच सांगितलं होतं, की याला उत्तर देऊ नका." वकीलबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही काय म्हणालात? पडदे मी शिवलेत, त्याच्या बापाचे नाहीत, लिहा त्याला! पडद्यांसाठी तुम्ही मला दोन फोन केलेत. ते पण आहेत बघा, पहिल्या पानावर."

होते. पक्कडताईने पाहिले आणि तिच्या लक्षात आलं की आजवर तिचे सगळे पैसे पडद्यांत गेले. दुकानासाठी कुणी अजून काही केलंच नव्हतं. ना वकीलबाईंनी, ना तिने. शेठ हात दाखवत होता पडद्यांकडे, आणि ती तिकडे बघत बसली होती. धंद्यात ती अशी कधी फसली नसती. मशीन गळतंय म्हणून कुणी नळी दाखवली तरी ती आधी पंप बघायची.

"देऊन टाका," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. पडदे, इस्त्री, पायपुसणं, घरचं वॉशिंग मशीन, जे जे मागितलंय ते सगळं. एकच पत्र लिहा: घेऊन जा. दुकान सोडून सगळं. मग त्याला लिहायला काही उरणारच नाही."

"पडदे तुम्ही शिवलेत म्हणालात."

"पुन्हा शिवीन."

वकीलबाईंनी मान हलवली आणि वही पुढे ओढली. पक्कडताई एकेक करून बोलत गेली. मावशीचा फोन घ्यायचा नाही. तिचा स्वतःचा फोन आठवड्यातून एक, आणि त्याआधी काय विचारायचं ते ती कागदावर लिहून ठेवेल. शेठची पत्रं आली की पंधरा दिवस साठवायची आणि सगळ्यांना मिळून एक उत्तर. एका महिन्यात ठरलेल्या तासांच्या वर काम जायला लागलं, तर करण्याआधी विचारायचं, केल्यावर नाही. आणि ही चार खोकी ती परत घेऊन जाणार.

"अकरा तासांत तुमच्या ज्युनियरचं दीडच खोकं झालंय. कागद माझे आहेत, लावायचे तर मी लावीन."

"आम्हाला काय हवंय ते ठाऊक आहे ना? दुरुस्ती तुम्ही करत होतात, याचा पुरावा. म्हणजे दुकान कुणामुळे चाललं ते दिसेल."

"गल्लीला विचारा ना."

"गल्ली बोलते. मला कागद लागतो." वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. "बाकी तीन हप्त्यांत द्या. काम थांबणार नाही. आणि ताई, हे सगळं पहिल्या दिवशी विचारलं असतंत तर दोघींचं डोकं वाचलं असतं."

"तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तरी वाचलं असतं," पक्कडताई म्हणाली. शेठचा तो सही न केलेला कागद तिने त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पहिलं खोकं काखोटीला मारलं.

रविवारी सकाळी तिने मावशीला बोलावून घेतलं. आई गेल्यापासून मावशीच आई होती, आणि दोघींच्या वाटची बडबड ती एकटीच करायची. बिलातल्या त्या ओळी भाचीने वाचून दाखवल्यावर मात्र तिची वाचा बसली.

"माझ्या बोलण्याचे पैसे लावले? त्या बाईने?"

"तुझ्या नाही. माझ्या."

"आणि मी म्हणत होते, किती गुणी वकील आहे, किती शांतपणे ऐकून घेते!" मावशीने गुडघा चोळला. "बरं, दे इकडे. ते खोकं दे. पैसे फेडते तुझे."

दुकानाच्या फरशीवर चारही खोकी उपडी झाली. पार्टांची बिलं एका ढिगात, विजेची दुसऱ्यात, वॉरंटीची कार्डं तिसऱ्यात. पक्कडताईला वाटत होतं, पुरावा या खरेदीच्या बिलांतच असणार. पण एकेक बघता ती हिरमुसली होत गेली. सगळ्या खरेदीवर नाव शेठचं. पैसे तोच मोजायचा ना. दुपारपर्यंत तिचा धीर सुटत आला.

"ही जाडजूड कसली बाडं?" मावशीने विचारलं.

"रजिस्टरं. जुन्या पार्टांची. ती बाजूला टाक, त्यांचं काही नाही."

मावशीला बाजूला टाकणं माहीत नव्हतं. तिने एक उघडलं आणि चष्मा नाकावर खाली ओढून वाचायला लागली. "ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि ही?"

"माझीच गं. तो रकाना दुरुस्ती करणाऱ्याचा आहे."

मावशीने पानं उलटली. मग दुसरं रजिस्टर घेतलं, मग तिसरं. बराच वेळ ती चकार शब्द बोलली नाही, आणि मावशी गप्प म्हटल्यावर पक्कडताईने वर बघितलं.

"अगं, सगळीकडे तूच," मावशी म्हणाली. "त्याची एक पण सही नाही?"

खोक्यांतली तेरा रजिस्टरं आणि गल्ल्यावरचं यंदाचं, अशी चौदा. वर्षाला एक. हजारो ओळी, प्रत्येकीत गिऱ्हाइकाची सही, आणि तिच्या शेजारी हिची. पक्कडताई फरशीवर मांडी घालून बसली होती ती तशीच राहिली. ही बाडं तिने स्वतःच्या हातांनी उचलून वकीलबाईंकडे नेऊन टाकली होती आणि स्वतःच्याच हातांनी परत आणली होती. आत काय आहे याचा विचार तिला एकदाही शिवला नव्हता. शेठने तिचं काम मोजलं नाही हे खरं. पण तिने तरी कुठे मोजलं होतं? तिला रडू फुटलं, आणि या वेळी ते फुकट होतं.

"रड," मावशी म्हणाली. "माझं घड्याळ बंद आहे."

वकीलबाईंचं पत्र गेलं आणि त्याचं उत्तर लगेच आलं. शेठ सामान न्यायला येणार, पण मशीन चालू स्थितीत असलं पाहिजे आणि ते त्याच्यासमोर चालवून दाखवलं पाहिजे. दर्जाबद्दल तो फार काटेकोर आहे, असंही त्यात होतं.

गुरुवारी सकाळी तो टेम्पो घेऊन आला. सोबत टेम्पोवाला, दोरखंड, आणि अंगात नेहमीचा कडक शर्ट. पक्कडताईने पडद्यांची घडी, इस्त्री, शेड, पायपुसणं, सगळं दारात रचून ठेवलं होतं. घरचं वॉशिंग मशीन दुकानात मधोमध. मावशी गल्ल्यामागच्या खुर्चीत, मुद्दाम.

"चालू करून दाखव," शेठ म्हणाला.

तिने पाणी सोडलं, बटण दाबलं. ड्रम फिरला आणि किंचाळायला लागला.

"हे असलं देणार तू मला? चालू स्थितीत लिहिलंय पत्रात."

"पट्टा गेलाय," ती आवाजावरूनच म्हणाली.

"मग बघ ना जरा." आणि टेम्पोवाला दोर घेऊन पुढे आला तसं शेठने त्याला हाताने थांबवलं, आणि चौदा वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "थांब रे, आतून करून घेतो."

मावशीला ठसका लागला. पक्कडताईने मागची पत्र्याची झाकणी उघडली, चिरा पडलेला पट्टा काढला, फळीवरून नवा घेतला, चढवला, ड्रम हाताने दोन वेळा फिरवून पाहिला. पाणी सोडलं. मशीन गुमान फिरायला लागलं. सगळी मिळून बारा मिनिटं.

"पट्ट्याचे आणि मजुरीचे द्यायचे," तिने रकमेचा आकडा सांगितला.

"माझ्याकडून पैसे?"

"पट्टा दुकानाचा आहे."

शेठने टेम्पोवाल्याकडे बघितलं. टेम्पोवाला त्याच्याकडेच बघत होता. चारचौघांत हात आखडणं हा शेठचा स्वभाव नव्हे. त्याने ऐटीत नोटा काढून गल्ल्यावर आपटल्या. "पावती दे."

"देते की." तिने पावती फाडली. मग जुना पट्टा पिशवीत घालून त्याच्या हातात दिला आणि यंदाचं रजिस्टर त्याच्यासमोर उघडून ठेवलं. तिने हे ठरवून केलं, असं मावशी नंतर गल्लीभर सांगत सुटली. ते काही खरं नव्हतं. सही घेतल्याशिवाय या दुकानातून मशीन बाहेर जात नाही, आणि तिचा हात आपला नियमाने चालला होता. त्याने पेन हातात घेतलं, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

शेठचं पेन कागदावर इकडून तिकडे फिरत राहिलं. ज्या धंद्याला तो चौदा वर्षं आपला म्हणत आला होता, त्याच्या रजिस्टराचं पान तो पहिल्यांदाच बघत होता.

"कुठे करायची?" त्याने विचारलं.

तिने बोट ठेवलं. "इथे. गिऱ्हाइकाच्या रकान्यात."

त्याने भलीमोठी, शेपटीवाली सही ठोकली. शेजारच्या रकान्यात तिने आपली साधी, नेहमीची. मग टेम्पो गेला. पडदे गेले, पायपुसणं गेलं, मशीन गेलं. मावशी उठून आली, पानावर वाकली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "एक फोन करू का वकीलबाईंना? एकच!"

"खबरदार," पक्कडताई म्हणाली.

ती स्वतः गेली. हातात एक कागद, त्यावर तीन मुद्दे, काखेत यंदाचं रजिस्टर, आणि आधीची तेरा एका खोक्यात. वकीलबाईंनी आधीची तेरा बघितली, मग शेवटचं पान वाचलं, पावतीची प्रत पाहिली, पान पुन्हा वाचलं, आणि पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

"हे हसणं बिलात येणार का?" पक्कडताईने विचारलं.

"हे माझ्यातर्फे," वकीलबाई डोळे पुसत म्हणाल्या.

शेठच्या वकिलाला तीन ओळींचं पत्र गेलं. दुरुस्तीच्या कामाची चौदा वर्षांची रजिस्टरं तपासणीस तयार आहेत. शेवटच्या पानाची आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. आपल्या अशिलांनी दुरुस्ती कुणाकडून करून घेतली, ते कृपया पाहावं. महिनाअखेरीची मुदत आली आणि गेली. दादाचा रोजचा फोन एकाआड एक झाला, मग बंदच झाला. आणि मग एका सकाळी नवीन बिल आलं.

एकच पान होतं. पक्कडताईने ते बसून वाचलं. भेट: ०.२. पत्रे लिहिली (दोन): ०.३. आणि सगळ्यात खाली: 'विरुद्ध पक्षाचे पत्र वाचले. दुकानावरील दावा मागे. ०.१.'

"सहा मिनिटं?" मावशीने खांद्यावरून वाकून वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

तिने दुकान बंद केलं आणि बिलाचे पैसे, आधीच्या बाकीच्या हप्त्यासकट, हातोहात द्यायला गेली. वकीलबाईंनी पैसे घेतले, पावती दिली. मग ड्रॉवर उघडून एक कागद तिच्यासमोर सरकवला. तोच तो: दुकान शेठच्या नावे करून देण्याचा, पेन्सिलीच्या फुलीवाला, आणि फुलीची जागा कोरी.

"तुमचा जुना पार्ट," त्या म्हणाल्या. "काय काढलं ते बघून घ्या." आणि त्यांनी आपली वही पुढे केली.

पक्कडताईने कागद उलटसुलट करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. ज्या कागदावर तिने सही करावी म्हणून इतके महिने सगळे तिच्या मागे लागले होते, तो कागद मिळाल्याची सही तिने वहीत केली आणि दुकान उघडायला गेली.